खवले सर

धुळ्याच्या मासळी बाजारात दर रविवारी सकाळी एक माणूस यायचा आणि मासे न घेता फक्त खवले घेऊन जायचा. हा माणूस जन्माने, संस्काराने आणि स्वतःच्या मर्जीने शाकाहारी होता.

हे आमचे प्राध्यापक निंबा दौलत बोरसे. कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे ते जे शिकवत ते मी टेबलावर मांडून दाखवायचं, आणि ते जे सांडत ते पुसायचं.

मी मूळचा जळगाव जिल्ह्यातल्या पहूरचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं.

"पहूर. बरं. तुमच्या नदीत काय मिळतं?"

"पावसाळ्यात पाणी मिळतं, सर."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. विनोद आहे असा संशयसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही.

सर सोनगीरकडच्या एका खेड्यातले. घर माळकरी. त्यांच्या आईने आयुष्यात अंडं हातात धरलं नव्हतं. अशा घरातला मुलगा मासे शिकायला मुंबईला गेला तेव्हा गावात चर्चा झाली, पण मुलगा मासे खात नाही, नुसते बघतो, असं कळल्यावर चर्चा थांबली. गावाच्या दृष्टीने त्यात आता पाप नव्हतं, फक्त येडेपणा होता.

मुंबईत सरांनी सगळा मासा बघितला आणि त्यातला खवला तेवढा पसंत केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माशाचा रंग पाण्याबाहेर काढला की उडतो. डोळा दुपारपर्यंत पांढरा पडतो. मांसाचं तर बोलायलाच नको. पण खवला राहतो, आणि त्या खवल्यावर मासा कोण, कोणत्या घराण्यातला, वय किती, सगळं असतं. "तोंड काय बघता? अंगावर बघा," असं ते वर्गात दिवसातून दहा वेळा म्हणत. पहिल्या बाकावर मुली बसत. त्यामुळे या वाक्याची एकदा प्राचार्यांकडे तक्रार गेली. सरांना ती तक्रार शेवटपर्यंत समजली नाही.

शिकवताना त्यांच्याजवळ शार्कच्या कातड्याचा एक वाळका तुकडा असे. मुंबईहून एका ओळखीच्या एस.टी. कंडक्टरने तो आणून दिला होता. तो ते प्रत्येक मुलाच्या हातात देत. डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत. उलटं फिरवलं तर सुताराच्या पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं.

"हा प्लॅकॉइड. हा खवला नाही, हा दात आहे. आतून दातासारखा, बाहेरून दातासारखा. शार्कच्या सगळ्या अंगावर दात आहेत. आपल्या फक्त तोंडात उरले."

एकदा सरांची दाढ दुखली. जळगावच्या एका दंतवैद्याकडे मी त्यांना घेऊन गेलो. दाढ काढल्यावर सरांनी ती मागून घेतली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि तोंडात कापूस असतानाच त्या डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही खरं म्हणजे खवल्यांचे डॉक्टर." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भुलीचं इंजेक्शन जरा जास्त झालं असेल."

माणसांनाही त्यांनी खवल्यांच्या प्रकारांत वाटून टाकलं होतं. सायक्लॉइड म्हणजे गोल खवला, कडा मऊ, रोहू-कटल्याच्या अंगावर असतो तसा. टेनॉइड म्हणजे कडेला बारीक दाते. गॅनॉइड म्हणजे जुन्या काळच्या माशांचं चिलखत, चकचकीत आणि एकात एक अडकवलेलं. आमचे प्राचार्य गॅनॉइड होते. हेडक्लार्क टेनॉइड. "सरळ दिशेने गेलात तर काम होतं, उलट गेलात तर बोट कापतं." मी सायक्लॉइड. "कडा गुळगुळीत. कुठूनही हात फिरवावा." मी बायकोला हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग बढती नाहीच मिळायची."

मुलं त्यांना पाठीमागे खवले सर म्हणत. एका माजी विद्यार्थ्याने लग्नाची पत्रिका पाठवली, पाकिटावर 'प्रा. खवले, प्राणिशास्त्र विभाग' असं लिहिलेलं. सरांनी ती तीनदा ऑफिसात परत पाठवली. वर शेरा मारला, 'या नावाचे गृहस्थ विभागात नाहीत.'

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. होता होता राहिलं, एवढंच मला त्यांच्या थोरल्या भावाकडून कळलं होतं. जळगावला मुलगी बघायला गेले होते. घर चांगलं, मुलगी शिकलेली. पोहे आले. सरांनी घाम पुसायला खिशातून रुमाल झटकन बाहेर काढला आणि रुमालाबरोबर आलेले दहा-बारा खवले पोह्यांच्या बशीत पडले. मुलीच्या वडिलांना ते आधी खोबरं वाटलं. सरांनी त्यांचा गैरसमज दूर केला. कुठला मासा, कुठला भाग, सगळं सांगून दूर केला. भाऊ म्हणाला, "आम्ही परत धुळ्याला आलो तरी हा एस.टी.त एकच बोलत होता, त्यातला एक सापडला नाही म्हणून."

त्यानंतर सरांनी देवपुरात दोन खोल्या घेतल्या. मेसचा डबा लावला. मी त्याच गल्लीत पुढे राहायला आलो तेव्हा त्याला बरीच वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी तेव्हा टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि सगळं धुळं घरात बसायचं. रिक्षा नाही, सायकल नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही. सरांच्या घरी टीव्ही नव्हता. ते त्या तासाला पांझरेच्या काठच्या बाजारात जात, कारण तेव्हा गर्दी नसे आणि ठगूबाई रिकामी असे.

ठगूबाई ही साठीची भोईण. उंच, काळी, तोंडात कायम मिसरी. तिचा मुलगा सुकलाल तापीवर जाळं टाकायचा, ती बाजारात विकायला बसायची. विळीवर मासा खसाखस खरवडताना उडणारे खवले ती एका बाजूला ओढून ठेवी. सर आले की वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देई. मी एक-दोनदा बरोबर गेलो होतो. दोघांचं बोलणं ठरलेलं.

"मास्तर, आज उशीर कया?"

"नाही, वेळेवर आहे."

"ल्या. बठ्ठा एकच जातना शेतस."

"वेगळे ठेवा म्हटलं होतं."

"पुढला आईतवारले ठेवसू."

असं पंधरा वर्षं चाललं होतं. खवले कधीच वेगळे ठेवले गेले नाहीत, आणि सर घरी जाऊन ते चिमट्याने वेगळे करीत बसत. मला वाटतं, ते तसे मिसळलेले आले नसते तर त्यांची रविवारची दुपार गेली नसती.

एका सोमवारी आम्ही प्रॅक्टिकलची तयारी करत होतो तेव्हा ठगूबाई थेट प्रयोगशाळेत आली. पायात चपला नव्हत्या. शिपाई तिच्यामागे "बाई, बाई," करत धावत होता.

"मास्तर! मना आंडोरले धरी लयी गयात. चोरी कयी म्हनतस."

सुकलालला पोलिसांनी धरलं होतं. शहराबाहेर एका तलावाचा ठेका एका माणसाने घेतला होता, त्यात त्याने मासे वाढवायला सोडले होते. पहाटे सुकलाल सायकलवर दोन पाट्या मासे घेऊन रस्त्याने येताना त्याला दिसला. हे मासे माझ्या तलावातले, असं म्हणून त्याने त्याला ठाण्यावर नेलं. ठगूबाई हुंदके देत हे सांगत होती. ती थांबल्यावर सरांनी विचारलं,

"कोणता मासा होता?"

मला वाटलं, बाई आता सरांना मारते. पण ती डोळे पुसून म्हणाली, "नदीना. मोठला खवलाना. तुमी परतेक टाइमले मांगतस तो."

"महाशीर," सर म्हणाले आणि उठले.

आम्ही रिक्षाने गेलो. सरांच्या मांडीवर सूक्ष्मदर्शक, माझ्या मांडीवर पुड्यांचा खोका, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी ठगूबाई. कोणत्या ठाण्यावर गेलो ते सांगण्यात अर्थ नाही. फौजदार बरा माणूस होता. ठेकेदार त्याच्यासमोर खुर्चीवर बसला होता. सुकलाल भिंतीशी उकिडवा, आणि गालावर बोटं उमटलेली. ठगूबाई त्याच्याजवळ जाऊन खाली बसली. त्याचा सदरा नीट करत राहिली.

"आपण वकील?" फौजदाराने विचारलं.

"नाही. प्राणिशास्त्र. मासे कुठे आहेत?"

फौजदाराने एकदा हवालदाराकडे बघितलं. हवालदाराने छताकडे बघितलं.

"मुद्देमाल नाशवंत होता, सर."

"हरकत नाही. खवले नाशवंत नसतात. पाट्या आणा."

पाट्या आल्या. वेळूच्या कामट्यांत खवले अडकलेले होते, वाळून चिकटलेले. सरांनी चिमट्याने एकेक काढला, पाण्यात धुतला आणि काचपट्टीवर ठेवला. ठाण्यातलं सगळं काम थांबलं. पासपोर्टच्या चौकशीला आलेला एक गृहस्थसुद्धा खुर्ची जवळ ओढून बसला.

"तुमच्या तलावात काय सोडलंय?" सरांनी ठेकेदाराला विचारलं.

"रोहू, कटला. कागद आहेत माझ्याकडे."

"अजून काही?"

"अजून कशाला? त्याचंच बी मिळतं."

सरांनी खोक्यातून रोहूची पुडी काढली, कटल्याची काढली, आणि ते खवले पाटीतल्या खवल्याशेजारी ठेवले. पाटीतला खवला जाड होता, आणि जवळजवळ माझ्या तळहाताएवढा. फौजदाराने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"मला तर सगळ्यांवर रेषाच दिसताहेत."

"त्या मोजा. मधून बाहेर. थंडीत मासा वाढत नाही, तेव्हा रेषा दाटतात. एक दाट पट्टा म्हणजे एक वर्ष."

फौजदार मोजायला लागला. हवालदार त्याच्या खांद्यावरून वाकून मोजायला लागला, मग दोघांचं जुळेना म्हणून पहिल्यापासून मोजलं. सहा आले.

"सर, सहा."

"मीही सहाच म्हणतो. तुम्ही तलावात बी कधी सोडलं?"

ठेकेदार म्हणाला, "तीन पावसाळे झाले." मग त्याच्या लक्षात आलं. "पण जुना एखादा मोठा मासा आधीपासून असेल तलावात."

फौजदाराने ठेकेदाराच्याच फायलीतला कागद उलटून बघितला आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही ठेका घेतला त्या उन्हाळ्यात तलाव कोरडा ठाक पडला होता, असं लिहिलंय तुम्ही. सही तुमचीच आहे."

सर म्हणाले, "शिवाय हा वाहत्या पाण्याचा मासा. तापीतला."

ठेकेदाराने रुमालाने मान पुसली. फौजदार मागे टेकला.

"म्हणजे सर, हा मुलगा निर्दोष, असं तुमचं म्हणणं?"

सरांनी विचार केला. मी मनात म्हटलं, आता तरी नुसतं हो म्हणा.

"मुलाचं मला माहीत नाही," सर म्हणाले. "मासा निर्दोष आहे."

ठगूबाई ताडकन उठली. "मास्तर! आंडोरनंबी सांगा ना!"

"मी कसं सांगू?" सर अगदी कळवळून म्हणाले. "त्याच्या अंगावर खवले नाहीत."

फौजदार हसला. हसता हसता त्याने सुकलालला ऊठ म्हणून हाताने खूण केली. ठेकेदाराने तक्रार मागे घेतली. तो गेल्यावर फौजदाराने स्वतःच्या मिशीचा एक केस उपटला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सरांना वय विचारलं. सरांनी केसावरून वय सांगता येत नाही हे त्याला सविस्तर समजावून दिलं. आम्हाला परत यायला चार वाजले. प्रॅक्टिकल बुडालं, म्हणून प्राचार्यांनी सरांना मेमो दिला. सरांनी मेमोच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सहा पट्ट्यांची आकृती काढून ठेवली.

पुढच्या रविवारी सकाळी सर बाजारात गेले तर ठगूबाईची जागा रिकामी होती. ते थेट माझ्या घरी आले.

"सोनवणे, ती आली नाही. मुलाला पुन्हा धरलं का काय?"

मी शर्ट घालून त्यांच्याबरोबर निघालो. चौकशी कुठे करायची हे बोलत आम्ही त्यांच्या दारापर्यंत आलो तर पायरीवर ठगूबाई बसलेली. नवं लुगडं, डोक्याला तेल, मांडीवर पितळी डबा. शेजारी सुकलाल उभा. त्यांनी आमच्या कॉलेजच्या शिपायाकडून पत्ता काढला होता.

"तुमना घर जेवाले लयी उनू," ती म्हणाली.

आत गेलो. खोलीत एक खाट, एक टेबल आणि भिंतीला लागून पुड्यांचे खोके. ठगूबाईने दारात उभं राहून आत बघितलं, मग दुसऱ्या खोलीत डोकावली.

"घरनी बाई कोठे गयी?"

"कोणी नाही."

"आन लेकरं?"

"कोणीच नाही. मी एकटाच असतो."

तिने सुकलालकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ती खाली बसली आणि डबा उघडायला लागली. माशाचा रस्सा, कळणाची भाकरी, वर कांदा. वास खोलीभर झाला. मी पुढे होऊन सांगणार होतो की सर खात नाहीत. सरांनी माझा हात धरला.

"ताट नाही," ते म्हणाले. "बशी चालेल?"

ठगूबाईने डब्याच्या झाकणात वाढलं. सर मांडी घालून बसले. झाकणाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"खवले काढले आहेत?"

"मंग काय खवल्यासकट खातस?"

त्यांनी पहिला घास घेतला. त्यांच्या आईची तसबीर समोरच्या भिंतीवर होती, त्यांनी थोडं वळून बसून घेतलं. काटे कसे काढायचे ते त्यांना येईना. सगळ्या काट्यांची नावं त्यांना पाठ होती. ठगूबाईने बोटाने एकेक काटा बाजूला करून दिला, लहान मुलाला देतात तसा.

ते खात असताना ती माझ्याशी बोलत होती.

"माले वाटे, गरीब मास्तर शे. घरमा लेकरंबाळं जास्ती व्हतीन. मासा परवडत नही, म्हनी खवले लयी जास, उकाळी पेत व्हतीन बठ्ठा जन." मग ती सरांकडे वळली. "म्हनी मी पुडीमा दर आईतवारे एक तुकडा टाकू. तळे, खवल्यास्ना खाले. तुमले सापडे ना?"

सरांचा हात झाकणात थांबला.

ते तुकडे मला चांगले माहीत होते. आमच्या विभागाच्या संग्रहालयात मागच्या कपाटाचे तीन कप्पे त्यांनीच भरले होते. बाटलीत फॉर्मॅलिन, फॉर्मॅलिनमध्ये माशाचा तुकडा, वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी, 'धुळे बाजार. अपूर्ण नमुना.' खवल्याखालचं अंग कसं असतं हे मुलांना दिसावं म्हणून बाई मुद्दाम देतात, फार जाणकार बाई आहेत, असं सर मला म्हणाले होते. त्या बाटल्यांत दर सहा महिन्यांनी फॉर्मॅलिन मीच भरत असे.

"सापडे," सर म्हणाले. पंधरा वर्षांत तिच्याशी ते पहिल्यांदाच तिच्या बोलीत, म्हणजे स्वतःच्याच आईच्या बोलीत बोलत होते.

"मंग? खाधात ना?"

मी जमिनीकडे बघायला लागलो. सहा दिवसांपूर्वी फौजदारासमोर एक साधं हो म्हणायला हा माणूस तयार झाला नव्हता.

"खाधात," सर म्हणाले. "बठ्ठा खाधात."

"कसा लागे?"

"गोड लागे, माय."

ठगूबाईचा चेहरा उजळला. तिने न विचारता दुसरी भाकरी वाढली. सरांनी ती खाल्ली. तिसरी वाढली, तीही खाल्ली. मग ती उठली, डबा राहू द्या, बाजारात या तेव्हा आणा, असं सांगून मुलाबरोबर निघून गेली. गल्लीच्या तोंडापर्यंत सुकलाल मागे वळून बघत होता.

सर झाकणापुढे तसेच बसून होते. हात वाळला होता.

"पाणी देऊ का, सर?"

"सोनवणे," ते म्हणाले, "पंधरा वर्षं कोणीतरी मला दर रविवारी जेवायला घालत होतं. आणि मी ते फॉर्मॅलिनमध्ये घालत होतो."

ते उठले, मोरीत गेले आणि डबा घासायला बसले. राख लावून दोनदा घासला, पुसला, उन्हात धरून बघितला. मग तो हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"डबा रिकामा परत देत नाहीत ना?"

"नाही, सर. काहीतरी घालून द्यायचा असतो."

"काय घालतात?"

"काही विशेष नाही. घरात जे असेल ते."

ते "बरं" म्हणाले, डबा घेऊन आतल्या खोलीत गेले. फळीवरचे डबे एकामागून एक उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज आले. मग आवाज थांबले. मी डोकावलो, तर उघडलेल्या प्रत्येक डब्यात खवलेच होते. मी घरी जाऊन बायकोला दुपारच्या झोपेतून उठवून लाडूंची बरणी घेऊन परत आलो, तरी ते तसेच आत उभे होते.